नांगर कुठे टाकावा?

नाताळचा आठवडा म्हणजे धर्मगुरूंच्या निवासात माणसांची वर्दळ. २०२३ सालच्या नाताळात अशाच एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब भेटीस आले. पती, पत्नी आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. मुलगा मालवाहू जहाजावर अभियंता आहे. वर्षातले बरेच महिने पाण्यावर आणि उरलेले घरी, असे त्याचे जीवन. करंज्यांचा डबा टेबलावर ठेवून झाला, प्रकृतीची विचारपूस झाली, आणि मग त्याने आपला फोन आमच्या हाती दिला.

"फादर, येत्या वर्षी आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षे होतील. त्यांना आठवडाभर शिडाच्या नौकेतून भूमध्य समुद्रात फिरवायचे ठरवले आहे. तुम्ही रोमला शिकलात, तो समुद्र पाहिलात. सांगा, कुठे जावे?"

फोनवर एकामागून एक चित्रे सरकत होती. पांढरीशुभ्र घरे, निळे घुमट, कड्याखाली पसरलेले शाईसारखे पाणी. ग्रीसमधील सान्तोरिनी बेट आम्ही ओळखले. "ऑगस्टमध्ये मला रजा आहे," तो उत्साहाने म्हणाला. वडील कौतुकाने हसत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. मुलाने काहीही ठरवले तरी त्यांना ते गोडच वाटले असते. आई मात्र पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळीत गप्प बसली होती.

तिचे मौन आम्हांला कळत होते. तिचे माहेर कोळीवाड्यातले. २००२ सालच्या ऑक्टोबरमध्ये तिचा धाकटा भाऊ रात्री मासेमारीला गेला. पहाटे होडी परत आली, तो आला नाही. त्याचे शरीर कधीच सापडले नाही. तेव्हापासून ही माऊली समुद्रकिनाऱ्यावर गेलेली नव्हती. तिच्या घरापासून समुद्र अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. रात्री वारा पडला की गाज ऐकू येते. तरी एकवीस वर्षांत तिचे पाऊल वाळूला लागले नव्हते. आणि आता तिचा मुलगा प्रेमापोटी तिला समुद्रावरच घेऊन निघाला होता.

आम्ही त्याला म्हटले, "बाळा, आठवडाभराने ये. येताना मोठा नकाशा आण."

उत्तर लांबणीवर टाकण्याचे कारण निराळे होते. त्या प्रश्नाने आमच्याच एका जुन्या चुकीची खपली निघाली होती. वाचकहो, ती चूक आज तुमच्यापुढे मांडीत आहोत.

आम्ही रोममध्ये शिकत असताना, २००१ सालच्या ऑगस्टअखेरीस, आमच्या एका इटालियन सहाध्यायाने आम्हांला आपल्या घरच्या नौकेवर बोलावले. नौका दहा मीटर लांबीची, एका शिडकाठीची. आम्ही चौघे होतो. नौकेचा मालक असलेला आमचा मित्र, त्याच्या गावचा एक वयस्कर खलाशी, आम्ही, आणि आफ्रिकेतील ज्या देशाला समुद्रच नाही अशा एका देशातून आलेला आमचा सहाध्यायी धर्मगुरू. त्याला पोहता येत नव्हते. नौका डोलू लागली की त्याचा चेहरा फिका पडे. पण तो तक्रार करीत नसे. जपमाळ बोटांत धरून तो कोपऱ्यात बसून राही.

सार्डिनियाच्या ईशान्य टोकाला मादालेना नावाचा द्वीपसमूह आहे. १९९४ पासून तो राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. ग्रॅनाइटचे गुलाबी खडक, त्यांच्या बेचक्यांत लपलेल्या छोट्या खाड्या आणि तळाची वाळू मोजता यावी इतके नितळ पाणी. इटलीचा राष्ट्रवीर गॅरिबाल्डी आपल्या उत्तरायुष्यात तेथल्याच काप्रेरा बेटावर राहिला आणि तेथेच १८८२ साली मरण पावला. चार दिवस आम्ही त्या बेटांमध्ये सुखाने हिंडलो. सकाळी हलका वारा, दुपारी एखाद्या खाडीत नांगर, संध्याकाळी नौकेच्या फळीवरच पवित्र मिस्सा.

पण आमच्या मनात दुसरेच ठाण मांडून बसले होते. सेमिनरीतल्या आमच्या खोलीच्या भिंतीवर बोनिफाचोचे चित्र टांगलेले होते. कॉर्सिकाच्या दक्षिण टोकावरचे हे गाव चुनखडीच्या पांढऱ्या कड्यावर वसले आहे. समुद्राने खालून कडा कोरून काढल्यामुळे घरे जणू अधांतरी लोंबकळत असतात. ते आम्हांला पाहायचेच होते. सार्डिनिया आणि कॉर्सिका यांच्यामध्ये जेमतेम अकरा-बारा किलोमीटरची सामुद्रधुनी. आमच्या दृष्टीने ते अंतर म्हणजे वसईची खाडी!

पाचव्या दिवशी सकाळी म्हाताऱ्या खलाशाने आकाशाकडे पाहिले आणि मान हलवली. वारा येणार, दोन दिवस थांबू, असे त्याचे म्हणणे. समुद्र तर आरशासारखा शांत होता. आम्ही वाद घातला. रोमला परतण्याची तारीख जवळ आली आहे, इतक्या जवळ येऊन मागे फिरायचे काय, असे बोललो. शेवटी मित्राने सर्वांची मते विचारली. आम्ही हात वर केला, मित्राने आमच्यासाठी केला. आफ्रिकेच्या सहाध्यायाने काहीच केले नाही. त्याच्या मौनाला आम्ही संमती समजलो.

दुपारी वारा आला. फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून सुटणारा तो थंड, कोरडा वारा. फ्रेंच लोक त्याला मिस्त्राल म्हणतात, इटालियन माएस्त्राले. उघड्या समुद्रावरून येताना त्याला मोकळीक असते. परंतु दोन डोंगराळ बेटांमधल्या त्या चिंचोळ्या वाटेत शिरला की नरसाळ्यातून पाणी सुटावे तसा त्याचा जोर वाढतो. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. ऊन लखलखत होते. आणि तशा उन्हात समुद्र पांढरा झाला. शीड उतरवताना एक लाट आडवी आली, आमचा सहाध्यायी फळीवर आपटला आणि त्याचे मनगट मोडले. तो ओरडला नाही. त्याने फक्त आमच्याकडे पाहिले. ती नजर आम्ही आजवर विसरलो नाही.

बोनिफाचो राहिले बाजूला. म्हाताऱ्याने सुकाणू हाती घेतले आणि नौका लाव्हेत्सी नावाच्या लहानशा बेटाच्या पूर्वेकडील आडोशाला नेली. रात्रभर नांगराची साखळी करकरत राहिली आणि आम्ही सहाध्यायाचा हात मांडीवर घेऊन बसलो.

सकाळी वाऱ्याचा जोर ओसरला तेव्हा म्हातारा आम्हांला बेटावर घेऊन गेला. झुडपांतून वाट काढीत आम्ही एका दगडी भिंतीच्या कुंपणाशी पोहोचलो. आत कबरी होत्या. १५ फेब्रुवारी १८५५ रोजी 'सेमियांत' नावाची फ्रेंच युद्धनौका त्याच बेटाच्या खडकांवर फुटली. क्रिमियाच्या युद्धावर निघालेले सैनिक आणि खलाशी मिळून सुमारे सातशे माणसे तिच्यावर होती. एकही वाचला नाही. पुढचे कित्येक दिवस लाटा मृतदेह किनाऱ्यावर आणीत राहिल्या आणि त्यांना तेथेच मूठमाती देण्यात आली. बहुतेक कबरींवर नाव नाही. म्हाताऱ्याने टोपी काढली, क्रूसाची खूण केली. तो आम्हांला एका शब्दानेही रागे भरला नाही. त्याने रागावावे असे आम्हांला फार वाटत होते.

रोमला परतल्यावर आम्ही प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय उघडला. सेमिनरीत आम्ही तो अभ्यासला होता, परीक्षेत त्यावर लिहिलेही होते. पण वाचला तो त्या दिवशी. संत पौलाला बंदिवान म्हणून रोमला नेत होते. जहाज क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील 'सुंदर बंदर' नावाच्या ठिकाणी थांबले. ऋतू उलटला होता. येथेच थांबा, असे पौलाने बजावले. परंतु ते बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचे वाटले. पुढचे फेनिके बंदर अधिक सोयीचे. शताधिपतीने पौलापेक्षा तांडेलाचे व जहाजमालकाचे ऐकले आणि बहुमत पुढे जाण्याच्या बाजूने पडले. इतक्यात दक्षिणेचा मंद वारा सुटला. आपला बेत साधला असे सर्वांना वाटले. थोड्याच वेळात ईशान्येचे तुफान बेटावरून खाली कोसळले. चौदा दिवस जहाज भरकटत राहिले. पाण्याची खोली प्रथम वीस वाव, मग पंधरा वाव भरली, तेव्हा मागच्या बाजूने चार नांगर टाकून ते लोक पहाटेची वाट पाहू लागले. अखेर माल्टाच्या किनाऱ्यावर जहाज फुटले. त्यातील दोनशे शहात्तर जीव वाचले, ती देवाची कृपा. जहाज मात्र गेले.

बहुमत, मंद वारा आणि अधिक सोयीचे बंदर! आमचीच कथा दोन हजार वर्षांपूर्वी कुणी लिहून ठेवली होती.

आठवडाभराने ते कुटुंब परत आले. मुलाने नकाशा आणला होता. तो आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर प्रार्थनापुस्तके ठेवली. मग त्याला लाव्हेत्सीची हकीकत सांगितली. ऐकताना त्याची आई प्रथमच मान वर करून आमच्याकडे पाहू लागली.

"आता तीन प्रश्न," आम्ही म्हणालो. "नौकेत कोण कोण आहे? त्या महिन्यात कुठला वारा वाहतो? आणि वारा बिघडला तर थांबायला जागा कुठे आहे? चित्रे त्यानंतर पाहू."

मुलगा दर्यावर्दी असल्यामुळे त्याला फार समजवावे लागले नाही. तरीही अडीचशे मीटर लांबीच्या जहाजावरून दिसणारा समुद्र आणि बारा मीटरच्या नौकेतून दिसणारा समुद्र हे दोन वेगळे समुद्र आहेत. शिडाची नौका ताशी पाच सागरी मैल गेली तरी चांगली म्हणायची. सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. वीस मैलांचा टप्पा म्हणजे चार तासांचे डोलणे. नवख्या माणसाला आणि हृदयरोग्याला याहून जास्त सोसवत नाही. शिवाय नौका बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवार अशा आठवड्याच्या बोलीने भाड्याने मिळते. म्हणून लांब पल्ला मारायचा, तर परतीच्या वेळी तारखेची टांगती तलवार डोक्यावर राहते. आमचे जे झाले तेच.

प्रथम सान्तोरिनी. एजियन समुद्रातील सिक्लादीस बेटांवर जुलै-ऑगस्टात उत्तरेकडून मेल्तेमी वारा वाहतो. बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त आणि आशिया मायनरच्या तापलेल्या पठारावर कमी, म्हणून तो सुटतो. स्वच्छ आकाशातच तो खवळतो, आणि कधी कधी दिवसचे दिवस थांबत नाही. वाऱ्याच्या बोफोर्ट मापाने सहा-सातपर्यंत तो सहज जातो. सात म्हणजे जवळजवळ वादळच. सान्तोरिनी हे तर ज्वालामुखीचे बुडालेले विवर. कडे सरळ पाण्यात उतरतात आणि पाणी इतके खोल की बहुतेक जागी लहान नौकेचा नांगर तळाला पोहोचतच नाही. जगातील अत्यंत देखणे ठिकाण. पण नांगर टाकायला जागा नाही! मुलाने त्या चित्राकडे पुन्हा एकदा पाहिले आणि फोन पालथा ठेवला.

त्या बेटांकडे जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. तिनोस बेटावर पवित्र मरियेचे तीर्थस्थान आहे. १५ ऑगस्टला यात्रेकरू गुडघ्यांवर चढ चढत तेथे जातात. सिरोस बेटाच्या टेकडीवर मध्ययुगापासून कॅथलिकांची वस्ती आहे. पण तेथे मोठ्या फेरीबोटीने जावे. फेरीबोटीला वारा कमी छळतो.

मग माल्टा. संत पौलाचे जहाज फुटले तो उपसागर त्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि १० फेब्रुवारीला त्याच्या आगमनाचा सण वालेत्तात थाटाने साजरा होतो. तेथली भाषा अरबीच्या कुळातली. माल्टाचे कॅथलिक देवाला 'अल्ला' म्हणतात हे ऐकून त्या माऊलीला मोठे नवल वाटले. पण माल्टाभोवती आडोशाच्या खाड्या मोजक्या, आणि ज्या वाऱ्याने पौलाला गाठले त्याचा वंशज ग्रेगाले अजूनही ईशान्येकडून येतो. पौलाच्या दर्शनाला जावे. शिडाने आठवडा काढायला मात्र निराळी जागा शोधावी.

सिसिलीच्या उत्तरेकडील लिपारी बेटे. संत बर्थलमय हा लिपारीचा आश्रयदाता. स्त्रोंबोली हा ज्वालामुखी रात्री थोड्या थोड्या वेळाने ठिणग्या उडवतो. तो पाण्यावरून पाहणे हा विलक्षण अनुभव खरा, पण तेथेही तळ खोल आणि धक्के उघडे. स्पेनच्या बालेआरिक बेटांपैकी मेनोर्काचे माओन बंदर लांबच लांब आणि सुरक्षित आहे. तेथे आणखी एक गोष्ट पाळावी लागते. त्या समुद्राच्या तळाशी पोसिदोनिया नावाच्या वनस्पतीची कुरणे आहेत. हे शेवाळ नव्हे. याला मुळे असतात, फुले येतात. मासे त्यात अंडी घालतात, किनाऱ्याची वाळू ते धरून ठेवते. नांगराची साखळी फिरली की ते मुळासकट उपटते आणि पुन्हा वाढायला दशके लागतात. म्हणून २०१८ पासून तेथे त्या कुरणावर नांगर टाकण्यास मनाई आहे. आपल्या सुखाचा नांगर दुसऱ्याच्या शेतात पडत नाही ना, हेही पाहायचे असते.

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर पाइनच्या झाडांनी वेढलेल्या शांत खाड्या आहेत. रोमकडे जाताना संत पौलाने जेथे जहाज बदलले, आणि पुढे जेथे संत निकोलस बिशप झाला, ते मुर्या नगर त्याच किनाऱ्यावर. लाकडी गुलेत नौकांवर खलाशी आणि आचारी असतात. पाहुण्यांनी फक्त बसायचे. परंतु तेथील प्रवेशपत्र वेगळे, आणि रविवारची मिस्सा मिळणे दुर्मीळ.

राहिले दोन. ग्रीसच्या पश्चिमेकडील आयोनियन बेटे, म्हणजे कॉर्फू, लेफ्कादा, इथाका, केफालोनिया. आणि क्रोएशियाचा डाल्मेशियन किनारा. दोन्हीकडे उन्हाळ्यात सकाळ शांत, दुपारी वायव्येचा बेताचा वारा आणि संध्याकाळी पुन्हा शांतता, असा बहुधा क्रम असतो. आपल्या कोळी बांधवांना खारे वारे आणि मतलई वारे ठाऊक आहेत, तसेच हे. बेटे जवळजवळ, बंदरे पुष्कळ. एकच फरक आपल्या माणसाला चकित करतो: भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणी वीतभरच. आपल्याकडे ओहोटीला होड्या चिखलात बसतात. तेथे संध्याकाळी धक्क्याला बांधलेली नौका सकाळी त्याच उंचीवर असते.

"डाल्मेशियात मिस्सा मिळेल?" त्या माऊलीने विचारले. दोन भेटींत तिने विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"गावोगावी मिळेल," आम्ही म्हणालो. आणि ह्वार बेटाची गोष्ट सांगितली. पवित्र गुरुवारी रात्री त्या बेटावरील सहा गावांतून एकाच वेळी मिरवणुका निघतात. प्रत्येक मिरवणुकीच्या पुढे क्रूस वाहणारा एक पुरुष, बहुधा अनवाणी. रात्रभरात प्रत्येक गावची मंडळी बाकीच्या पाच गावांच्या चर्चना भेट देत सुमारे पंचवीस किलोमीटर चालतात आणि शुक्रवारी सकाळी आपल्या चर्चमध्ये परततात. पाचशे वर्षे ही प्रथा चालत आली आहे. २००९ मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. त्या सहांपैकी व्र्बोस्का गावात मरियामातेचे चर्च आहे, ते सोळाव्या शतकात समुद्रावरून येणाऱ्या तुर्कांच्या हल्ल्यांपासून बचावासाठी किल्ल्यासारखे बांधून काढले. वसईच्या किल्ल्यात पडकी चर्च पाहिलेल्या आपल्या माणसाला, चर्चच किल्ला झालेले पाहून काय वाटेल!

मुलाने मुद्द्याचे विचारले. तिकडचा धोका कोणता? बुरा, आम्ही सांगितले. डोंगरावरून ईशान्येकडून अचानक कोसळणारा वारा. हिवाळ्यात भयंकर, उन्हाळ्यात क्वचित. आणि आग्नेयेचा युगो, पण तो आधी सूचना देऊन, हळूहळू चढतो. ऑगस्टऐवजी जूनमध्ये जावे. गर्दी कमी, ऊन सोसेल असे, दिवस वर्षातले सर्वांत लांब. स्प्लिटसारखे मोठे शहर व त्यातले इस्पितळ आठवडाभर हाकेच्या टप्प्यात राहील, हे वडिलांसाठी. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन देशांत आणि युरोच्या चलनात आला आहे, त्यामुळे कागदपत्रांचीही सोय. आणि जहाजावरचा अभियंता असलास तरी तेथला एक परवानाधारक नौकाचालक बरोबर घे, कारण त्याला तिथला वारा ठाऊक असतो.

मुलाने नकाशावर व्हिस बेटावर बोट ठेवले. युगोस्लाव्हियाच्या काळी ते लष्करी बेट होते. १९८९ पर्यंत परक्यांना तेथे मज्जाव होता. म्हणून आजही ते शांत, अस्पर्श. पण ते सर्वांत बाहेरचे, उघड्या समुद्रापलीकडले. त्याने आईकडे पाहिले. मग स्वतःच बोट उचलले आणि अलीकडच्या ब्राच बेटावर ठेवले. आम्ही काही बोललो नाही. जे आम्हांला २००१ साली उमजले नव्हते, ते या पोराला एका दृष्टिक्षेपात उमजले होते.

निरोप देताना आम्ही आणखी एक विनंती केली. हा समुद्र सहलीचा आहे तसा तो दफनभूमीही आहे. ८ जुलै २०१३ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी, पोपपदावर आल्यानंतर रोमबाहेरचा आपला पहिला प्रवास केला तो लांपेदुसा बेटाचा. आफ्रिकेतून जीव मुठीत धरून येणारी माणसे त्या वाटेवर बुडत होती. त्यांच्यासाठी त्यांनी लाटांवर फुले वाहिली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला त्याच बेटाजवळ एक नौका बुडून साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. २०१४ पासून भूमध्य समुद्रात मेलेल्या वा हरवलेल्या निर्वासितांची संख्या तीस हजारांवर गेली आहे. आपण तेथे सुखाने जातो यात पाप नाही. पण एका संध्याकाळी, नांगर टाकल्यावर, त्यांच्यासाठी एक 'हे आमच्या बापा' म्हणावे, एवढेच.

जून २०२४ मध्ये ती मंडळी जाऊन आली. मुलाने फोनवर पुष्कळ चित्रे दाखवली. स्प्लिटचे महामंदिर पाहून वडील विशेष हरखले होते. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या दिओक्लेशियन बादशहाने स्वतःसाठी बांधलेली समाधी, आणि आज तिच्यातच वेदी! चार दिवस बारा-पंधरा मैलांच्या टप्प्यांनी गेले. एक दिवस युगो चढला म्हणून ते स्तारी ग्राद बंदरातच राहिले, लांब खाडीच्या पार आतल्या टोकाला. इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये ग्रीकांनी तेथे वसाहत केली ती त्याच आडोशामुळे. "तो थांबण्याचा दिवसच सर्वांत चांगला गेला, फादर," वडील म्हणाले. तिघेजण दिवसभर धक्क्यावर बसून बोलले. तीस वर्षांत इतके बोलणे झाले नव्हते.

आईने काही सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

त्या वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीतील प्रार्थना आटोपून आम्ही निघालो होतो. सर्वत्र कबरींवर फुले आणि मेणबत्त्या. फाटकाजवळ ती उभी होती. हातात झेंडूचा हार आणि एक मेणबत्ती.

"फादर, जरा याल का? लांब नाही."

आम्ही तिच्याबरोबर गेलो. मुलगा जहाजावर होता. पती थोडे मागून येत होते. बंधाऱ्याशी ती थबकली. मग चपला काढल्या आणि ओल्या वाळूत उतरली. ओहोटी लागलेली होती; पाणी दूर गेले होते. ती चालत राहिली, पाणी पायाला लागेपर्यंत. वाऱ्याने मेणबत्ती पेटेना. दोनदा काडी ओढून पाहिली आणि मग तिने ती तशीच न पेटवता वाळूत रोवली.

"चौथ्या दिवशी त्या चालकाने माझ्या हाती सुकाणू दिले होते," ती पाण्याकडे पाहत म्हणाली. "मी म्हटले, नको. तो म्हणाला, धरून तर बघा. मी धरले. पाण्याची ओढ हाताला लागते हो, फादर. जिवंत काहीतरी धरल्यासारखी. तेव्हा वाटले, माझ्या भावाच्या हाताला शेवटी हीच ओढ लागली असेल. इतकी वर्षे मी त्याच्या हाताचा विचारच केला नव्हता. फक्त पाण्याचा केला."

आम्ही मृतांसाठीची प्रार्थना म्हटली. तिच्या भावाचे नाव घेतले. आणि मनात, लाव्हेत्सीच्या नाव नसलेल्या कबरींचे स्मरण केले. तिने हार पाण्यावर सोडला. ओहोटीच्या पाण्याने तो सावकाश आत नेला.

परतताना बंधाऱ्यावर तिने पायांची वाळू झटकली, पतीचा हात धरला आणि म्हणाली, "मुलगा फेब्रुवारीत घरी येईल. त्याला सांगायचे आहे, पुढच्या वेळी त्या बाहेरच्या बेटावर जाऊ."